पायाशी दोन बॅजर

सिएना शहर मागे पडलं आणि गाडी आग्नेयेला वळली की कॅलेंडरवर पाहिलेली टस्कनी हळूहळू संपत जाते. द्राक्षाचे मळे आणि ऑलिव्हच्या बागा विरळ होतात. त्यांच्या जागी येतात मातीच्या बोडक्या टेकड्या, राखाडी, भेगाळलेल्या, पावसानं खोल घळी पाडलेल्या. लाखो वर्षांपूर्वी इथं समुद्र होता आणि त्याच्या तळाशी बसलेला गाळ म्हणजे आजची ही जमीन. या मुलखाला ‘क्रेते सेनेसी’ म्हणतात. वसंतात कोवळ्या गव्हानं तो हिरवा होतो, कापणी झाली की पुन्हा उघडा पडतो. यातल्या अक्कोना नावाच्या पट्ट्याला तर स्थानिक लोक वाळवंटच म्हणत आले आहेत. वळणावळणाचा रस्ता, कडेला सायप्रसची एखादी रांग, आणि मधूनच समोरच्या कड्यावर दाट झाडीत लपलेली लाल विटांची इमारत दिसते. तोच मोंते ओलिव्हेतो माज्जोरेचा मठ. सिएनाहून अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास.

या मठात मी गेले ते एका माणसाला भेटायला. तो १५४९ मध्ये वारला, पण इथल्या भिंतीवर अजून उभा आहे. अंगात उंची कपडे, हातमोजे, कमरेला तलवार, आणि पायाशी त्याचे दोन पाळीव बॅजर.

मठाची हकीकत आधी थोडक्यात सांगते. १३१३ साली सिएनाच्या बड्या तोलोमेई घराण्यातला एक तरुण सगळं सोडून दोन मित्रांसह या वैराण जागी येऊन राहिला. घरचं नाव जोव्हान्नी, पण त्यानं बेर्नार्दो हे नाव घेतलं. पुढे १३१९ मध्ये अरेत्सोच्या बिशपनं परवानगी दिली आणि संत बेनेडिक्टच्या नियमानं चालणारा, पांढरी वस्त्रं घालणारा ‘ओलिव्हेतन’ पंथ उभा राहिला. १३४८ च्या प्लेगमध्ये बेर्नार्दो हा डोंगर उतरून सिएनाला गेला, आजारी पडलेल्या आपल्या बांधवांची सेवा करता करता स्वतःही गेला. त्याला संतपद मिळायला २००९ साल उजाडलं. मठ आजही चालू आहे. पांढऱ्या झग्यातले साधू इथं राहतात, जुन्या पुस्तकांची डागडुजी करतात, वाइन आणि ऑलिव्हचं तेल काढतात, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला ग्रेगोरियन पद्धतीनं गातात.

आत शिरायला पूल आणि बुरूज आहे. मठ असूनही बांधणी गढीसारखी. कमानीवर निळ्या-पांढऱ्या झिलईच्या मातीत घडवलेली मेरी आणि बाळ येशू, आणि आत जाऊन मागे वळून पाहिलं तर उलट बाजूला संत बेनेडिक्ट. तिथून झाडांच्या सावलीतली उतरती वाट चर्चपाशी जाते. चर्चमधल्या गायकांच्या लाकडी बाकांवर जोव्हान्नी दा व्हेरोना नावाच्या साधूनं रंगीबेरंगी लाकडांचे तुकडे बसवून खिडक्या, शहरं, वाद्यं आणि पक्षी अशी चित्रं केली आहेत. हे काम १५०५ पर्यंत पुरं होत आलं होतं. म्हणजे एकीकडे हा शांत साधू लाकडाच्या चिपा जुळवत होता तेव्हाच पलीकडच्या चौकात एक तरुण चित्रकार आपल्या प्राण्यांच्या लवाजम्यासह दाखल झाला.

पलीकडचा चौक म्हणजे मठाचा ‘मोठा चौक’. मधोमध उघडं अंगण, चारही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या, आणि ओवऱ्यांच्या आतल्या भिंतींवर संत बेनेडिक्टचं संपूर्ण चरित्र. पोप ग्रेगरीनं सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या संवादग्रंथात या संताच्या ज्या कथा आहेत, त्याच इथं एकामागून एक चितारल्या आहेत. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात पोथीतले प्रसंग ओळीनं रंगवलेले असतात, तशीच ही मांडणी. साधूंनी रोज येता-जाता पाहावं, नव्यांनी शिकावं.

काम सुरू केलं लुका सिन्योरेल्लीनं, १४९७ मध्ये. त्या काळातला तो मोठा नामांकित चित्रकार. त्यानं कथेच्या उत्तरार्धातले काही प्रसंग रंगवले आणि ऑर्व्हिएतोच्या कॅथीड्रलचं मोठं काम मिळाल्यावर तो निघून गेला. काही वर्षं भिंती तशाच राहिल्या. मग १५०५ मध्ये मठाच्या प्रमुखानं, म्हणजे लोम्बार्दीहून आलेल्या दोमेनिको नावाच्या अॅबटनं, आपल्याच भागातल्या जोव्हान्नी अंतोनियो बात्सीला बोलावलं. बात्सीचा जन्म १४७७ चा, गाव व्हेर्चेल्ली, बाप चांभार. मार्तिनो स्पान्त्सोत्ती या चित्रकाराकडे मुलाला सात वर्षं शिकायला ठेवलं होतं. शतक पालटायच्या सुमारास तो सिएनात आला आणि तिथलाच झाला. कलेच्या इतिहासात त्याला कुणी बात्सी म्हणत नाही. सगळे म्हणतात ‘सोदोमा’. त्या नावाकडे पुढे येते.

चौकातला फेरा चर्चच्या दारापासून सुरू होतो आणि पहिल्याच चित्रात या माणसाचा स्वभाव कळतो. तरुण बेनेडिक्ट आईवडिलांचं घर सोडून शिकायला रोमला निघाला आहे. तो स्वतः पांढऱ्या घोड्यावर, आणि त्याची दाई गाढवावर. घोडा असा काढला आहे की ज्यानं तो रंगवला तो घोड्याच्या पाठीवर वाढला असावा असं वाटतं. मानेचा बाक, पायांची ठेवण, कुठंही अंदाजपंचे काही नाही. संताकडे पाहण्याआधी माझी नजर घोड्यावर गेली, आणि मला वाटतं चित्रकाराचीही आधी तिथंच गेली असणार.

तिसरा प्रसंग सुपाचा आहे. रोमच्या शिक्षणाला विटलेला बेनेडिक्ट दाईबरोबर एका खेड्यात राहतो आहे. दाईनं शेजारणीकडून धान्य पाखडायचं सूप मागून आणलं आणि ते तिच्या हातून दुभंगलं. दुसऱ्याची वस्तू मोडली म्हणून ती रडायला लागली. बेनेडिक्टनं गुडघे टेकून प्रार्थना केली आणि तुकडे सांधले गेले. हा त्याचा पहिला चमत्कार. गावकऱ्यांनी ते सूप चर्चच्या दारावर टांगून ठेवलं, असं ग्रेगरी सांगतो. इतका घरगुती चमत्कार मला दुसऱ्या कुठल्या संतचरित्रात आठवत नाही. सोदोमानं तो दोन भागांत दाखवला आहे. एका बाजूला मोडलेलं सूप, दाई आणि प्रार्थना करणारा मुलगा, तर दुसऱ्या बाजूला दारावर टांगलेल्या सुपाकडे माना वर करून पाहणारे लोक.

त्या गर्दीत एक माणूस सुपाकडे पाहत नाही. तो सरळ आपल्याकडे पाहतो. लांब काळेभोर केस, भरदार चेहरा, वय अठ्ठावीसच्या आसपास. सगळी मंडळी संताच्या काळात आहेत, हा एकटा आपल्या काळात उभा आहे. त्याच्या पायाशी दोन बॅजर. जाड, बुटके, तोंडावर काळे-पांढरे पट्टे. दोघांच्या गळ्यात पट्टे बांधलेले. शेजारी काळा डोमकावळा.

मी या चित्रापुढे बराच वेळ थांबले, आणि मला सर्वांत जास्त बोलकं वाटलं ते गळ्यातल्या पट्ट्यांचं. मध्ययुगातल्या चित्रांत प्राणी पुष्कळ असतात, पण ते सहसा कशाची तरी खूण म्हणून येतात. कुत्रा म्हणजे निष्ठा, माकड म्हणजे वासना, मोर म्हणजे अमरत्व. विद्वानांनी या बॅजरांचाही असा अर्थ लावून पाहिला तर नवल नाही. पण खुणेच्या प्राण्याला पट्टा लागत नाही. पट्टा म्हणजे कुणीतरी तो विकत घेतला, मापाला कापला, वळवळणाऱ्या जनावराच्या मानेभोवती बांधला, आणि ते रानात पळून जाऊ नये, वाटेत कुणी मारू नये, याची काळजी घेतली. बॅजर हा निशाचर आणि बुजरा प्राणी. दिवसभर बिळात असतो, अंधार पडला की बाहेर येतो. युरोपात त्याची शिकार सर्रास व्हायची. बिळात घुसून त्याला हुसकायला जर्मनीत कुत्र्यांची वेगळी जातच तयार झाली, तीच आपण घरोघर पाहतो ती डॅशहंड. अशा जनावराला भर उजेडात, माणसांच्या गर्दीत, मालकाच्या पायाशी निवांत उभं करायचं म्हणजे ते खरोखरच त्याच्यापाशी तसं वावरत असलं पाहिजे. नुसत्या कल्पनेतून कुणाला बॅजर सुचेल असं मला वाटत नाही. मानाचा प्राणी हवा असता तर बहिरी ससाणा होता, शिकारी कुत्रा होता.

कपड्यांची गोष्ट जोर्जो व्हासारीनं सांगितली आहे. मिलानचा एक श्रीमंत गृहस्थ मठात येऊन साधू झाला. त्याचे अंगावरचे भरजरी कपडे, काळ्या गोंड्यांची पिवळी शाल, सगळं मठात पडून होतं. अॅबटनं ते चित्रकाराला देऊन टाकलं आणि त्यानं आरशात पाहत, तेच कपडे घातलेलं आपलं रूप भिंतीवर काढलं. साधूनं टाकलेलं वैभव चांभाराच्या मुलानं अंगावर चढवलं आणि साधूंच्याच घरात कायमचं रंगवून ठेवलं. पायाशी मात्र आपलंच गणगोत. व्हासारी त्यात माकडाचंही नाव घेतो.

हा व्हासारी म्हणजे इटालियन चित्रकारांची चरित्रं लिहिणारा पहिला मोठा लेखक. सोदोमाचं चरित्र त्याच्या ग्रंथाच्या १५६८ च्या आवृत्तीत आहे. त्याला हा माणूस मुळीच आवडत नव्हता. सिएनातला त्याचा आवडता चित्रकार बेक्काफूमी, कष्टाळू, मर्यादशील. सोदोमा त्याच्या लेखी आळशी, उनाड, आणि पशूंसारखं जगणारा. पण व्हासारीची लेखणी जितकी खवचट तितकी चौकस, आणि त्यामुळे ज्या गोष्टींवरून त्यानं सोदोमाला नावं ठेवली त्याच गोष्टी जशाच्या तशा आपल्यापर्यंत पोचल्या. घरात काय काय होतं त्याची यादीच तो देतो. बॅजर, खारी, शेपटीची आणि बिनशेपटीची माकडं, ठेंगणी गाढवं, शर्यतीचे बार्बरी घोडे, एल्बा बेटावरची बुटकी तट्टं, नीळकंठासारखे ‘जे’ नावाचे पक्षी, बुटक्या कोंबड्या, ‘भारतीय’ म्हणवले जाणारे होले. हे सगळे प्राणी मालकाला इतके माणसाळलेले की सतत त्याच्या भोवती नाचत-बागडत असत. व्हासारी म्हणतो, त्याचं घर म्हणजे नोहाची नौका होती.

आणि तो डोमकावळा! त्याला सोदोमानं बोलायला शिकवलं होतं. मालकाचा आवाज तो हुबेहूब काढायचा. दारावर कुणी थाप मारली की आतून जे उत्तर यायचं ते कावळ्याचं की सोदोमाचं हे कळत नसे, आणि सिएनातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं असा दाखला व्हासारी देतो. डोमकावळे नक्कल करतात हे खरंच आहे. माणसात वाढलेला डोमकावळा माणसाचे शब्द सहज उचलतो, आणि पोपटापेक्षा त्याचा आवाज जाड, माणसाच्या जवळचा असतो. पण रोज त्याच्याशी बोलावं लागतं. ज्या माणसाला व्हासारी आळशी म्हणतो त्यानं एका पक्ष्यासाठी किती तास दिले असतील!

मठातल्या साधूंनी त्याचं नाव ठेवलं ‘मत्ताच्चो’, म्हणजे वेडपट. त्याच्या उद्योगांनी त्यांची करमणूक व्हायची. पण मला त्यात एक जुळणी दिसते ती मौजेच्या पलीकडची आहे. बेनेडिक्टच्या चरित्रातही एक पाळीव कावळा आहे. ग्रेगरी सांगतो की जेवणाच्या वेळी रोज जंगलातून एक कावळा येई आणि संताच्या हातून भाकरी खाई. पुढं फ्लोरेन्त्सो नावाच्या एका द्वेषी पुरोहितानं विष घातलेली भाकरी पाठवली, तेव्हा बेनेडिक्टनं याच कावळ्याला ती कुणाच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी टाकून यायला सांगितलं. कावळा आधी पंख पसरून भाकरीभोवती घुटमळला, ओरडला, आणि शेवटी ती उचलून घेऊन गेला. फ्लोरेन्त्सोच्या विषप्रयोगाचा प्रसंग सोदोमानं याच चौकात रंगवला आहे. म्हणजे ज्या भिंतींवर संताच्या कावळ्याची कथा चालू आहे तिथंच चित्रकाराचा कावळाही उभा. साधूंना तो वेडपटपणा वाटला असेल. पण पाखराला हातानं भरवणाऱ्या संताचं चरित्र रंगवायला यापेक्षा योग्य माणूस त्या अॅबटला मिळाला नसता.

तरी अॅबटला त्याच्यापायी ताप कमी झाला नाही. पैशावरून कुरबुर चाले. व्हासारी सांगतो की काम घाईत उरकल्याची तक्रार झाली तेव्हा सोदोमानं उत्तर दिलं, आपला कुंचला नाण्यांच्या खुळखुळाटावर नाचतो, जास्त वाजवाल तर याहून चांगला नाचेल. पैसे वाढले आणि पुढची चित्रं खरोखर सरस झाली. भित्तिचित्राचं तंत्रही घाईचंच असतं. भिंतीला चुन्याचा ओला गिलावा देतात आणि तो वाळायच्या आत रंग भरतात. एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. चुना वाळताना रंग आपल्यात पक्का धरून ठेवतो, म्हणून पाचशे वर्षांनंतरही बॅजरांचे पट्टे ठळक दिसतात. यात खाडाखोड परवडत नाही. हात बसलेला असेल तरच प्राण्याच्या अंगावरची लव इतक्या झटपट उतरते.

फ्लोरेन्त्सोची आणखी एक खोडी आहे. साधूंचं चित्त चळावं म्हणून त्यानं मठात नाचणाऱ्या बायका धाडल्या. हा प्रसंग सोदोमानं पडदा लावून, कुणाला दिसू न देता रंगवला. पडदा काढला तेव्हा बायका विवस्त्र होत्या. अॅबटनं चित्र तिथंच खरवडून टाकायचा हुकूम केला. अखेर त्यानं बायकांना कपडे चढवले आणि चित्र वाचलं. आज तिथं दिसतात त्या झुळझुळीत वस्त्रांतल्या डौलदार तरुणी, नाचाच्या लयीत वळलेल्या. लिओनार्दोच्या चेहऱ्यांची छाया त्यांच्यावर स्पष्ट आहे. माझ्या मते चौकातलं हे सर्वांत देखणं चित्र.

पुढं एके ठिकाणी साधू जेवायला बसले आहेत. दुष्काळात बेनेडिक्टच्या प्रार्थनेनं मठाला पीठ मिळालं, त्यानंतरची पंगत. पांढऱ्या वस्त्रांची ओळ, समोर ताटं, सगळं गंभीर. आणि खाली, अगदी पुढ्यात, एक कुत्रा आणि एक मांजर एकमेकांवर गुरकावत उभी आहेत. चमत्कारानं मिळालेल्या अन्नातला आपला वाटा त्यांनाही हवा आहे. चित्रकाराला मुळीच गरज नसताना तो त्यांना जागा देतो. सिन्योरेल्लीच्या भिंतीकडे वळलं की फरक जाणवतो. त्याची माणसं भक्कम, पिळदार, रचना शिस्तीची. कलेचे जाणकार त्यालाच वरचढ ठरवतात, आणि निव्वळ रेखाटनाच्या जोरावर ते बरोबरही असेल. पण माझे पाय परत सोदोमाच्या बाजूलाच वळले. त्या भिंतींवर कुणी ना कुणी जिवंत हलतं आहे. एक चौकट तर घरच्याच माणसाची आहे. सोदोमाचा जावई बार्तोलोमेओ नेरोनी, ज्याला इल रिच्चो म्हणत, त्यानं इथला एक प्रसंग नंतर रंगवला.

आता नावाबद्दल. ‘सोदोमा’ हे नाव बायबलमधल्या शापित शहरावरून पडलं आणि समलैंगिक पुरुषांना ते शिवीसारखं लावलं जाई. तो नेहमी तरुण मुलांच्या घोळक्यात असे, म्हणून लोक त्याला असं म्हणू लागले, अशी व्हासारीची हकीकत आहे. त्याचं लग्न १५१० मध्ये बेआत्रीचे गाल्ली नावाच्या मुलीशी झालं होतं, मुलगीही होती. पण नावाची त्याला लाज वाटली नाही. उलट त्यावर गाणी रचून तो ती ल्यूटवर गायचा. फ्लॉरेन्समध्ये एकदा त्याच्या घोड्यानं शर्यत जिंकली. विजेत्याचं नाव पुकारायची वेळ आली तेव्हा कुणाचं नाव घ्यायचं असं विचारल्यावर तो म्हणाला, सोदोमा. पोरं ते नाव ओरडत निघाली, गावातले जाणते लोक खवळले, आणि सोदोमा, त्याचा घोडा आणि घोड्यावर त्याच्या मागं बसलेलं माकड, तिघांवरही दगड पडायची वेळ आली. व्हासारीनं हे त्याची फजिती म्हणून लिहिलं. मला त्यात एका माणसाचं धैर्य दिसतं. लोकांनी फेकलेलं नाव त्यानं विजयाच्या क्षणी स्वतःच्या तोंडानं उच्चारलं, आणि त्या वेळी त्याच्यापाशी होते ते त्याचे दोन प्राणी.

त्याला विक्षिप्त कुणी ठरवलं हेही पाहायला हवं. तो काळ प्राणी बाळगण्याचाच होता. राजे सिंह पाळत, चित्ते पाळत. पोर्तुगालच्या मानुएल राजानं दहावा लिओ पोप झाला तेव्हा त्याला एक हत्ती नजराणा पाठवला. भारतातून लिस्बनला आणि तिथून १५१४ मध्ये रोमला पोचलेल्या या हत्तीचं नाव हान्नो. त्यानं पोपपुढं गुडघे टेकून सलामी दिली, रोम त्याच्यावर लुब्ध झालं, आणि दोनच वर्षांत तो मेला तेव्हा पोपनं राफाएलला त्याचं स्मारकचित्र करायला लावलं. पोपच्या हत्तीला कुणी वेडेपणा म्हणालं नाही. पोपचा हत्ती म्हणजे वैभव, चांभाराच्या मुलाचे बॅजर म्हणजे वेड. गंमत अशी की याच दहाव्या लिओनं सोदोमाला सरदारकीचा किताब दिला. रोममध्ये त्यानं लहान काम केलेलं नाही. व्हॅटिकनमधल्या ज्या दालनात राफाएलची जगप्रसिद्ध भित्तिचित्रं आहेत त्याच्या छताचं काम आधी त्याच्याकडे होतं, आणि राफाएल आल्यावरही त्यातला काही भाग तसाच ठेवला गेला. तिबर नदीच्या काठच्या फार्नेझीना महालात त्यानं अलेक्झांडर आणि रोक्साना यांच्या लग्नाचं चित्र रंगवलं आहे. रोमला जाणाऱ्यांनी ते चुकवू नये.

मठाहून सिएनाला परतल्यावर त्या शहराकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. सिएनाचे सतरा मोहल्ले आहेत, त्यांना कोन्त्रादा म्हणतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं आणि निशाणं प्राण्यांची. गोगलगाय, घुबड, साळिंदर, कासव, हंस, लांडगीण, सुरवंट, जिराफ. गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीत बसवलेली छोटी फरशी पाहिली की कळतं आपण कासवाच्या हद्दीतून गोगलगायीच्या हद्दीत आलो. दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला मुख्य चौकात पालिओ ही घोड्यांची शर्यत होते. शर्यतीच्या दिवशी त्यात उतरणाऱ्या प्रत्येक मोहल्ल्याचा घोडा त्यांच्या छोट्या चर्चमध्ये वेदीपुढं आणतात आणि पाद्री त्याला आशीर्वाद देतो. स्वार पडला तरी घोडा एकटा पहिला आला तर जिंकतो तो घोडाच. सोदोमाच्या काळात शर्यतीचं रूप वेगळं होतं, घोडे रस्त्यांवरून लांब पल्ला धावत. पण जनावराला मोहल्ल्याच्या चर्चमध्ये नेणाऱ्या या गावात त्याचं मन रमलं यात आश्चर्य नाही.

सान दोमेनिको चर्चमध्ये संत कॅथरिनच्या छोट्या चॅपेलमध्ये त्याचं १५२६ चं काम आहे. ईश्वरी साक्षात्कारानं मूर्च्छित झालेली कॅथरिन आणि तिला सावरणाऱ्या दोन जोगिणी. इथं एकही प्राणी नाही, चेष्टा नाही. कोसळणाऱ्या देहाचा भार सोबतिणींच्या हातांवर कसा येतो हे त्यानं ज्या हळुवारपणे दाखवलं आहे, त्यापुढे व्हासारीचा ‘पशूंसारखं जगणारा’ हा शेरा फार क्षुद्र वाटतो. अखेरच्या दिवसांविषयी व्हासारी लिहितो की म्हातारपणी, कंगाल अवस्थेत, १५५४ च्या सुमारास तो सिएनाच्या मोठ्या इस्पितळात मेला. साल तर चुकीचंच आहे. तो १५४९ च्या फेब्रुवारीत वारला.

जायचं असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. सिएनाहून अश्यानोपर्यंत रेल्वे आहे, तिथून मठ नऊ-दहा किलोमीटर. बुओनकॉन्व्हेन्तोकडूनही साधारण तेवढंच. बसवर विसंबण्यापेक्षा भाड्याची गाडी सोयीची, कारण वाटेतला मुलूख थांबत थांबत पाहण्यासारखा आहे. मठ दुपारी काही तास बंद असतो, म्हणून सकाळी लवकर पोचावं किंवा संध्याकाळच्या प्रार्थनेचा बेत ठेवून उशिरा यावं. चौकातला फेरा चर्चच्या दारापासून, कथेच्या क्रमानं करावा. प्रत्येक चित्राखाली प्रसंग लिहिलेला आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना प्राणी मोजायला सांगावं. चरित्र त्यांना आपोआप कळत जाईल.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर पिएन्झाजवळच्या सान्त आन्ना इन काम्प्रेना या जुन्या ओलिव्हेतन मठात जावं. मोंते ओलिव्हेतोच्या आधी, १५०३-०४ मध्ये, सोदोमानं तिथलं भोजनगृह रंगवलं. पाच भाकरी आणि दोन माशांत हजारोंना जेवू घालणाऱ्या येशूचा चमत्कार तिथं आहे, आणि ते काम पाहूनच ओलिव्हेतन साधूंचा या तरुणावर विश्वास बसला असावा. ‘द इंग्लिश पेशंट’ हा १९९६ चा चित्रपट पाहिलेल्यांना ही जागा ओळखीची वाटेल. जळालेला रुग्ण ज्या पडक्या मठात पडून असतो आणि किप हा आपल्याकडचा शीख जवान जिथं सुरुंग निकामी करत येतो, त्यासाठी याच मठात चित्रण झालं होतं. आता तिथं प्रवाशांना राहताही येतं. खोल्या आधी ठरवाव्या लागतात, आणि भोजनगृह कधी उघडं असतं ते त्याच वेळी विचारून घ्यावं.